तूप सोडलंत, डाळ वाढवलीत का?

अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि घरी आल्याआल्या फर्मान निघालं: आजपासून दूध बंद, तूप बंद, अंडी बंद, मासे बंद. परदेशातल्या मुलीनं फोनवर समजावलं, पुतण्यानं व्हिडिओ पाठवला, शेजाऱ्यांनी मान डोलावली. व्हीगन व्हायचं ठरलं. निर्णय वाईट नाही. वाईट आहे ते त्यानंतर समोर येणारं ताट. पोळ्या, बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी, भाताचा डोंगर, त्यावर पळीभर पातळ वरण, कडेला तळलेला पापड. चारच्या चहाऐवजी साबुदाण्याची खिचडी. या ताटात प्राण्याकडून आलेलं काही नाही, हे खरं. हृदयाच्या कामी येईल असंही त्यात फारसं काही नाही.

म्हणून या आठवड्यात एकच गोष्ट सांगायची आहे. प्राणिजन्य अन्न सोडून हृदयाचं भलं होऊ शकतं. पण रिकाम्या झालेल्या जागेवर डाळ, कडधान्य, सोयाबीन आणि दाणे आले तरच. तिथे मैदा, साखर, तेल आणि बटाटा येऊन बसला, तर केलेला त्याग वाया गेला.

आधी पुरावा पाहू, कारण तो चांगला आहे. १९९० साली डॉ. डीन ऑर्निश यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपला प्रयोग मांडला. हृदयरोग्यांना अत्यंत कमी स्निग्धांशाचा शाकाहार दिला, आणि वर्षभरानंतर त्यांच्यापैकी बहुतेकांच्या धमन्यांतले अडथळे थोडे का होईना, मागे हटलेले दिसले. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठानं एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या घेतल्या. आठ आठवडे एका भावंडाला व्हीगन जेवण, दुसऱ्याला तितकंच काळजीपूर्वक बेतलेलं पण मांस, अंडी, दूध असलेलं जेवण. व्हीगन भावंडांचं एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, दुसऱ्या गटापेक्षा डेसिलिटरमागे सुमारे १४ मिलिग्रॅमनं जास्त उतरलं. जनुकं तीच, फरक ताटाचा.

पण ऑर्निश यांचं नाव घेणारे लोक अर्धाच प्रयोग सांगतात. त्या आहारात साय काढलेलं दूध-दही आणि अंड्याचा पांढरा भाग चालत होता. शिवाय त्या रुग्णांनी सिगारेट सोडली, नियमित व्यायाम केला, योगासनं आणि ध्यान केलं, एकमेकांशी बोलले. फळ मिळालं ते या सगळ्याचं मिळून. मराठी वाचकाला ही गोष्ट नवी नसावी. डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकानं आहार, व्यायाम आणि मन यांना एकत्रच हात घालावा लागतो, हे कितीतरी घरांत पोचवलं. तरीही आपण त्यातला एक तुकडा उचलतो, फक्त तूप बंद करतो आणि चालायला जायचं उद्यावर टाकतो.

आता तो अभ्यास, जो कुणी व्हिडिओत सांगत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी दोन लाखांहून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आहाराचा वर्षानुवर्षं माग काढला आणि २०१७ साली निष्कर्ष मांडला. वनस्पतिजन्य अन्न खाणाऱ्यांचे त्यांनी दोन प्रकार पाडले. एका टोकाला सबंध धान्य, डाळी, भाज्या, फळं, दाणे खाणारे. त्यांच्यात हृदयविकाराचा धोका सुमारे २५ टक्के कमी दिसला. दुसऱ्या टोकाला पांढरं धान्य, बटाटा, गोड पेयं आणि मिठाई खाणारे. त्यांच्यात तो सुमारे ३२ टक्के जास्त दिसला. दोन्ही आहार वनस्पतींचेच. एकानं हृदय राखलं, दुसऱ्यानं बिघडवलं.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर वडापाव व्हीगन आहे. भजी व्हीगन आहेत. वनस्पती तुपातली खारी, फरसाण, साबुदाण्याचे वडे, कोल्ड्रिंक, सगळं व्हीगन आहे. वनस्पती तूप तर कुठल्याही प्राण्याशी संबंध नसलेलं, आणि याच वनस्पती तुपातून भारतीयांच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्या हृदयाला घातक असलेलं ट्रान्स फॅट गेलं. त्यावर दोन टक्क्यांची कायदेशीर मर्यादा यायला २०२२ साल उजाडलं.

खोबरेल तेलाची गोष्टही तीच. गाईचं तूप हृदयाला वाईट म्हणून टाकलं आणि ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ म्हणून घाण्याचं खोबरेल आणलं, तर सौदा तोट्याचा झाला. तुपातली साधारण साठ टक्के चरबी संपृक्त असते. खोबरेल तेलातली पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त. उसळीवर चिमूटभर ओलं खोबरं जरूर भुरभुरवा. पण चमचे भरून खोबरेल पिण्याला हृदयाचा उपचार म्हणणं चुकीचं आहे, कुणीही सांगितलं तरी.

मग हृदयाला नेमकं काय लागतं? रक्तातलं एलडीएल उचलून नेण्याचं काम यकृत करतं. संपृक्त चरबी जास्त झाली की यकृताची ती क्षमता मंदावते आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. उलट डाळी-कडधान्यांतला विरघळणारा चोथा आतड्यात पित्ताम्लांना धरून शरीराबाहेर नेतो. नवं पित्त तयार करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, आणि यकृत ते रक्तातून ओढून घेतं. म्हणून प्रथिनं कुठून घेतो, याला हृदयाच्या बाबतीत एवढं महत्त्व आहे. प्रथिनं एकटी येत नाहीत. मटणातून येताना ती संपृक्त चरबी घेऊन येतात, चवळीतून येताना चोथा घेऊन येतात. २०१४ साली २६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. रोज साधारण १३० ग्रॅम शिजलेली कडधान्यं, म्हणजे आपली एक वाटी उसळ, खाल्ल्यावर एलडीएल सरासरी पाच टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. औषधाची जागा ही वाटी घेणार नाही. पण एवढ्या स्वस्तात एवढा फायदा देणारं दुसरं काय आहे आपल्या स्वयंपाकघरात?

आणि आपल्याला ही वाटी इतरांपेक्षा जास्त हवी. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला. इतर देशांत जवळजवळ ५९ व्या वर्षी. सहा वर्षं आधी! मुलं शिकत असतात, कर्ज फिटायचं असतं, अशा वयात. त्यात आपल्या रक्ताची ठेवण अशी की अनेकांचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, जास्त आणि चांगलं समजलं जाणारं एचडीएल कोलेस्टेरॉल कमी. पांढरा भात, मैदा आणि साखर वाढली की ट्रायग्लिसराइड आणखी वर जातं. म्हणजे तूप काढून भात वाढवणारा माणूस एक दार लावतो आणि दुसरं उघडं टाकतो.

आता हिशेब करू. राष्ट्रीय पोषण संस्थेनं निरोगी प्रौढासाठी दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. जेवणात धान्याचाच भर असेल तर किलोमागे एक ग्रॅम धरलेलं बरं, आणि साठीनंतर स्नायू झिजू लागतात म्हणूनही तेवढं धरावं. आता वरच्यासारख्या ताटावर काढलेला अख्खा दिवस मोजा. पाच पोळ्यांतून साधारण १५ ग्रॅम. दोन वेळच्या भातातून ६. भाज्यांतून ५. पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते जेमतेम २० ग्रॅम, त्यामुळे दोन वाट्या वरणातून ९ ग्रॅम. बेरीज ३५. दूध, दही, ताक होतं तोवर यातली तूट थोडीफार भरून निघत होती. ते बंद केलं की दिवसाला पंधरा ग्रॅमची तूट उघडी पडते. झटक्यातून उठलेल्या माणसाला स्नायू टिकवायचे असतात, चालायचं असतं, आणि आपण त्याला वरणाच्या पाण्यावर ठेवतो.

ही तूट भरायला परदेशी काही लागत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात ८५ ग्रॅम कोरडी डाळ-कडधान्यं आणि ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया धरल्या आहेत. ८५ ग्रॅम डाळीतून १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळतात, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७. तूर, मूग, मसूर, उडीद, हरभरा, मटकी, चवळी, कुळीथ, सगळ्यांत शंभर ग्रॅमला साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणून महागाच्या मागे धावू नका; जी डाळ परवडते, पचते आणि आवडते, ती घ्या. मात्र वरण घट्ट करा. इतकं घट्ट, की पळी उभी राहिली पाहिजे.

आणि एक जुनी भीती मनातून काढून टाका, की वनस्पतीतली प्रथिनं ‘अपुरी’ असतात. गहू, ज्वारी, तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळींत भरपूर. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात आहे. पिठलं-भाकरी, वरण-भात, उसळ-पोळी, झुणका-भाकरी या जोड्या हेच काम करतात. दोन्ही एकाच घासात असायला हवं असंही नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं तरी चालतं.

कोकणातलं कुळथाचं पिठलं, देशावरचे शेंगोळे, वालाची डाळिंबी उसळ, मुगाचं घट्ट बिरडं, मसुराची आमटी, विदर्भातली जवसाची चटणी, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी: हे हृदयरोग्याचं खरं ताट आहे, फक्त फोडणीत तेल आणि मीठ आवरा. जवस तर मुद्दाम खावं. मासे सोडलेल्या माणसाला ओमेगा-३ मिळण्याचा तो चांगला मार्ग आहे. जवसातलं ओमेगा-३ शरीरात माशातल्या प्रकारात फार थोडं बदलतं, म्हणून अधूनमधून नको, रोज चमचा-दोन चमचे भाजून कुटलेलं जवस हवं.

सोयाबीनवर मात्र थांबून बोलायला हवं. महाराष्ट्र हे देशातल्या सगळ्यात मोठ्या सोयाबीन पिकवणाऱ्या राज्यांपैकी एक. लातूरची बाजारपेठ त्यावर चालते. या दाण्यात शंभर ग्रॅमला ३५ ग्रॅमहून जास्त प्रथिनं आहेत, आणि तीही दर्जानं प्राणिजन्य प्रथिनांच्या जवळ जाणारी. आपण काय करतो? तेल काढतो, आणि प्रथिनांनी गच्च भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला आणि निर्यातीला पाठवतो. ज्या मराठवाड्यात हे पिकतं, तिथल्याच घरांत ते जेवणात क्वचित दिसतं. हे बदललं पाहिजे. २५ ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि किराणा दुकानात त्यांच्याइतकी स्वस्त प्रथिनं शोधून सापडणं कठीण. गरम पाण्यात भिजवा, घट्ट पिळा, रश्शात टाका. सोयाबीनचे दाणे वापरणार असाल तर नीट भिजवून पूर्ण शिजवा. कच्चे किंवा अर्धकच्चे खाऊ नका. सोया खाल्ल्यानं पुरुषांचं पौरुष कमी होतं, ही अफवा आहे. प्रयोगांत तसं दिसलेलं नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं.

आता बाजारातल्या पाकिटांकडे. बदामाच्या दुधाच्या पेल्यात प्रथिनं असतात एखादा ग्रॅम. साध्या सोया दुधाच्या पेल्यात सहा-सात. म्हणजे दुधाला पर्याय म्हणून पैसे मोजताना आपण बदामाचं नाव विकत घेतो. व्हीगन चीज बहुतेक वेळा खोबरेल तेल आणि स्टार्च यांचं बनतं. त्यात प्रथिनं नावापुरती. ‘मांसासारख्या’ टिक्क्यांच्या पाकिटावर मिठाचा आकडा आधी वाचा. २०२२ पासून व्हीगन खाद्यपदार्थांसाठी सरकारी नियम आणि वेगळं बोधचिन्ह आहे. ते बोधचिन्ह पदार्थ प्राणिजन्य नाही, एवढंच सांगतं. तो हृदयाला चांगला आहे, असं ते सांगत नाही. आणि प्रोटीन पावडरचे डबे? राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ते टाळायला सांगितलं आहे. एका डब्याच्या पैशांत घरात कित्येक किलो मूग येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे कुणीही हयगय करू नये: बी-१२. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. आंबवलेल्या इडलीतून नाही, ताज्या पालेभाजीतून नाही, स्पिरुलिना या शेवाळातूनही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे शहर आणि ग्रामीण भागातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यातल्या ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होतं. हे लोक व्हीगन नव्हते! दूध-दही खाणाऱ्या समाजात ही अवस्था, तर दूधही सोडणाऱ्याचं काय होईल? हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विसरणं, न संपणारा थकवा. नसांची झीज फार पुढे गेली तर ती कायमची राहू शकते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी रोज गोळी घेणाऱ्यांत बी-१२ आणखी घसरतं, आणि अनेक हृदयरोग्यांच्या डब्यात या गोळ्या असतात. व्हीगन आहार सुरू करताय? मग बी-१२ ची गोळी त्याच दिवशी सुरू झाली पाहिजे. ती न घेता व्हीगन होणं हा स्वतःच्या शरीरावर अन्याय आहे. ही गोळी स्वस्त आहे, मात्रा डॉक्टर ठरवतील.

‘नैसर्गिक आहारात गोळी कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ऑक्सफर्डचा अभ्यास लक्षात ठेवावा. ४८ हजारांहून जास्त लोकांच्या त्या पाहणीत शाकाहारी आणि व्हीगन गटात हृदयविकार २२ टक्के कमी होता, पण पक्षाघात २० टक्के जास्त दिसला. कारण अजून पक्कं झालेलं नाही. बी-१२ सारख्या घटकांची कमतरता हा संशयितांपैकी एक आहे. फायदा मोठा आहे, पण निष्काळजी माणसाला तो पूर्ण मिळत नाही.

दूध गेलं की कॅल्शियमही पाहावं लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. नाचणीची भाकरी, आंबील, तिळाची चटणी आठवड्यात नियमानं हवी. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका.

डॉक्टरांना न विचारता काही करू नका, हे वाक्य सगळे म्हणतात. मी नेमकं सांगतो. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, स्वतःहून बंद करू नका, कोलेस्टेरॉल उतरलं तरी. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू नका. त्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे औषधाचा परिणाम बदलतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर डाळ, दाणे, नारळपाणी किती घ्यायचं, हे आधी विचारा. रक्तदाब असेल तर पापड-लोणच्याचं मीठ मोजा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे.

आणि शेवटचा मुद्दा, जो आहाराच्या कुठल्याही तक्त्यात नसतो. घरात एक जण व्हीगन होतो आणि दुसरीचं काम दुप्पट होतं. रात्री कडधान्य भिजवायचं, सकाळी उपसायचं, मोड आणायचे, वेगळी भाजी, वेगळी आमटी, सगळं बायकोनं किंवा सुनेनं. पंधरा दिवसांत ती थकते आणि ताट पुन्हा बटाट्यावर येतं. ज्याचं हृदय आहे त्यानं भिजवणं, उपसणं, शिजवणं शिकून घ्यावं. त्याहून चांगलं म्हणजे सगळ्या घरानं तीच उसळ खावी. झटका यायची वाट पाहत बसलेली माणसं त्याच पंगतीत जेवत असतात.

तेव्हा काय सोडलं याची यादी सांगत बसू नका. आज रात्री निजण्याआधी स्वतःच्या हातानं दोन वाट्या मटकी भिजत घाला, उद्या सकाळी रक्तातलं बी-१२ तपासायला द्या, आणि तिथून घरी चालत या.